उपासनेचे आसन कोणाचे?

बेंगळूर नगराच्या दक्षिण भागात, कनकपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बनशंकरी देवीचे मंदिर आहे. बदामीच्या बनशंकरीच्या एका भक्ताने १९१५ मध्ये ते उभारले, आणि पुढे भोवतालची विस्तीर्ण वसाहत देवीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. बदामीची ही देवी जशी अनेक कानडी घराण्यांची, तशीच अनेक मराठी घराण्यांचीही कुलस्वामिनी आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळी, म्हणजे जो काळ एरव्ही शुभकार्यास वर्ज्य मानला जातो त्याच काळी, या मंदिरात स्त्रियांची दाटी होते. लिंबाचे दोन भाग करावयाचे, रस पिळून टाकावयाचा, साल उलटी करून तिची पणती करावयाची, तीत तेल आणि वात घालून ती देवीपुढे लावावयाची, असा तेथील प्रघात आहे. गाभाऱ्यातील पूजा अर्चक करतात. परंतु हा दिवा प्रत्येक स्त्री आपल्या हाताने लावते. तो लावण्यासाठी तिला कोणाची दीक्षा घ्यावी लागत नाही. साल न फाटता कशी उलटावी, हे नवखीने जुनीकडून शिकावे आणि पुढच्या वेळी दुसरीला दाखवावे, एवढेच त्याचे शास्त्र.

स्वतःच्या हाताने दिवा लावणे हा उपासनेचा एक प्रकार झाला. परंतु दहा-वीस जणांनी एकत्र बसून उपासना करावयाची म्हटले की दुसरा प्रश्न उभा राहतो. पुढे कोणी बसावे? श्लोक कोणी सांगावा, त्याचा अर्थ कोणी उलगडावा, चुकणाऱ्याला कोणी सावरावे, आणि ज्याच्या घरी दुःख आले आहे त्याच्याकडे कोणी जावे? मठात मठाधिपती असतात, मंदिरात अर्चक असतात, संस्कारांना पुरोहित असतात. केवळ गृहस्थांनी स्वेच्छेने जमविलेल्या मंडळात यांपैकी कोणीही नसते. दिवसभर कचेरीत, शाळेत अथवा कारखान्यात राबलेला मनुष्यच तेथे सायंकाळी आसनावर बसतो. कधी स्वयंपाकघरातील कामे उरकून आलेली गृहिणी बसते. तिला वा त्याला हा अधिकार कोठून प्राप्त झाला? आणि प्राप्त झालेला अधिकार त्यांनी किती काळ आपल्यापाशी ठेवावा? हे दोन प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचे वाटतात. विचारांती ते धर्माचे आहेत असे दिसून येते.

बेंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी भाषा त्या नगरीला परकी नाही. पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त आणखी कुटुंबे आली. अशा परप्रांतातील घरांतून आठवड्यातून एकदा जमून गीतेचा अध्याय वाचण्याची चाल असते. तिची कथा बहुधा एकाच मार्गाने जाते. एखादे वयोवृद्ध, व्युत्पन्न गृहस्थ असतात. त्यांच्या वाणीत गोडवा असतो, पाठांतर चोख असते, आचरण निर्मळ असते. त्यांच्याभोवती मंडळ जमते. वर्षानुवर्षे ते सांगतात आणि इतर ऐकतात. एके दिवशी ते आजारी पडतात, किंवा मुलाकडे दुसऱ्या गावी जातात, किंवा देह ठेवतात. पुढच्या आठवड्यास मंडळी जमतात, एकमेकांकडे पाहतात, अध्याय कसाबसा म्हणतात आणि उठतात. त्यापुढच्या आठवड्यास निम्मी येतात. दोन महिन्यांनंतर त्या दिवाणखान्यात ती सतरंजी पुन्हा अंथरली जात नाही. आपला आधार गेला, असे प्रत्येकजण म्हणतो. परंतु पंधरा वर्षे गीता ऐकलेल्या वीस जणांपैकी एकालाही एका श्लोकाचा अर्थ चारचौघांत सांगता येऊ नये, हे कसे झाले, असे कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाला प्रथम एक सबळ आक्षेप आड येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. शास्त्र सांगण्यास अधिकार लागतो. तो नसलेल्याने सांगू लागल्यास ज्ञानाऐवजी भ्रमच पसरेल, असा तो आक्षेप आहे. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात तेराव्या अध्यायाच्या प्रारंभी याविषयी कठोर शब्द वापरले आहेत. संप्रदाय न जाणणारा मनुष्य सर्व शास्त्रांत पारंगत असला तरी त्याची मूर्खाप्रमाणे उपेक्षाच करावी, असा त्यांचा आशय आहे. ज्याने कोणापाशी बसून अध्ययन केले नाही, ज्याला पदच्छेद ठाऊक नाही, तो दोन पुस्तके चाळून जर आसनावर बसू लागला, तर उदारतेच्या नावाखाली अनर्थच व्हावयाचा. हे भय काल्पनिक नाही. मनास येईल तो अर्थ श्लोकाच्या गळ्यात बांधणारे निरूपणकार सर्व काळी झाले आहेत.

परंतु याच आक्षेपातील ‘संप्रदाय’ हा शब्द नीट पाहिला पाहिजे. हा शब्द ‘दा’ म्हणजे ‘देणे’ या धातूपासून, ‘सम्’ आणि ‘प्र’ हे उपसर्ग लागून सिद्ध होतो. उत्तम रीतीने, पूर्णपणे पुढे देणे, हा त्याचा मूलार्थ. तेव्हा संप्रदाय जाणणे याचा अर्थ केवळ मागच्यांकडून घेणे एवढाच होत नाही. पुढच्यांना देणे हाही होतो. ज्याने गुरूकडून घेतले परंतु कोणालाही दिले नाही, त्याच्यापाशी विद्या असेल, संप्रदाय मात्र त्याच्यापाशी येऊन तुटला. अपात्राने आसनावर बसणे हा जसा संप्रदायाचा भंग आहे, तसाच पात्राने दुसऱ्यास पात्र न करणे हाही आहे. पहिल्या दोषाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची होत नाही, कारण त्याला भक्तीचे रूप असते.

गीतेत या गोष्टीचा स्पष्ट निर्देश आहे. चौथ्या अध्यायाच्या आरंभी भगवान् या योगाची परंपरा सांगतात. विवस्वानाने तो मनूला सांगितला, मनूने इक्ष्वाकूला, आणि पुढे राजर्षींनी तो जाणला. ज्यांच्या हाती ही परंपरा होती ते राज्य चालविणारे, कुटुंबवत्सल, व्यवहारात आकंठ बुडालेले गृहस्थ होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि त्याच ठिकाणी, दीर्घ काळाने हा योग लोकांत नष्ट झाला असेही सांगितले आहे. आचार्यांनी त्याचे कारण सांगताना, तो दुर्बळ आणि इंद्रियांवर जय न मिळविलेल्या माणसांच्या हाती पडला, असे म्हटले. म्हणजे गृहस्थांची परंपरा असू शकते, हे गीतेला मान्य आहे. आणि पुढचा हात तयार न केल्यास ती बुडते, हाही इशारा तेथेच आहे. नंतर हा उपदेश भगवंतांनी दिला तो अरण्यात नव्हे, दोन सैन्यांच्या मध्ये, रथावर, आपल्या मित्राला. तो आपल्यापर्यंत आणला संजयाने. तो सूत होता, आणि हे ऐकावयास मिळाले ते व्यासांच्या प्रसादाने, असे तो नम्रपणे सांगतो.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीस हे ज्ञान कोणास सांगू नये याचे नियम आहेत. जो तपोहीन आहे, भक्तिहीन आहे, ज्यास ऐकण्याची इच्छा नाही, जो भगवंताचा मत्सर करतो, त्यास ते सांगू नये. लगेच पुढे, जो भक्तांमध्ये हे सांगेल त्याच्याहून प्रिय दुसरा कोणी नाही, असे आश्वासन आहे. येथे ऐकणाऱ्यावर अटी घातल्या आहेत. सांगणाऱ्याचा आश्रम, वर्ण अथवा पदवी यांचा उल्लेखही नाही. सांगणाऱ्याची कसोटी मात्र सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाच्या रूपाने सापडते. त्याचे बोलणे कोणास उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, आणि त्याच्या पाठीशी स्वाध्यायाचा अभ्यास असावा. ही कसोटी सोपी नाही. परंतु ती कोणाही प्रामाणिक माणसाला प्रयत्नाने साध्य होणारी आहे.

दहाव्या अध्यायातील नववा श्लोक तर भक्तांच्या मंडळाचे चित्रच होय. ज्यांचे चित्त भगवंताच्या ठायी जडले आहे ते एकमेकांना बोध करतात, त्याचेच कथन करतात आणि त्यातच संतोष पावतात, असे तेथे वर्णन आहे. ‘परस्पर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बोध करणे हे प्रयोजक क्रियापद आहे, म्हणजे ‘दुसऱ्याला जाणावयास लावणे’. अशा क्रियेत जाणविणारा एक आणि जाणणारा दुसरा असतो. येथे मात्र एकाच समूहाला दोन्ही ठिकाणी बसविले आहे. आज जो सांगतो तो उद्या ऐकतो. आज जो ऐकतो त्याने उद्या सांगावयाचे आहे. ज्या मंडळात एकच सांगतो आणि बाकीचे आजन्म ऐकतात, तेथे कथन असेल, संतोषही असेल, ‘परस्पर’ नसतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत उघडपणे प्रार्थना समाजापुढे आला. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी या समाजाची स्थापना केली. त्यापूर्वीची, १८४९ मधील परमहंस सभा गुप्तपणे चाले आणि गुप्तता फुटताच मोडली. नव्या समाजाने उघड्यावर, दर आठवड्याला, कोणीही यावे अशी उपासना सुरू केली. प्रार्थना समाजाची मूर्तिपूजेविषयीची अथवा अवताराविषयीची मते गीतेच्या सर्व वाचकांना मान्य होतील असे नाही. तो येथील विषयही नाही. येथे पाहावयाचे ते एवढेच, की या उदार धर्मसमाजात पुरोहित नव्हता. उपासना चालविणारे सारे संसारी होते. आत्माराम पांडुरंग वैद्यक करीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृताचे प्राध्यापक होते आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होते. नारायण गणेश चंदावरकर हेही उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. आठवडाभर न्यायदान करणारा मनुष्य रविवारी वेदीवर बसून तुकोबांच्या अभंगावर बोले. चौथ्या अध्यायातील राजर्षींची परंपरा एकोणिसाव्या शतकात कशी दिसेल, याचे हे एक उत्तरच होते. समाजाने १८७३ मध्ये ‘सुबोध पत्रिका’ काढली, १८७६ मध्ये कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा उघडली, पंढरपुरास अनाथ बालकांना आश्रय दिला. उपासनेचे फळ सेवेत दिसावे, ही दृष्टी त्यामागे होती.

असे असूनही समाज संख्येने लहान राहिला आणि शिकलेल्या नागर वर्गापलीकडे फारसा पोहोचला नाही. याची कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. ज्या वेदीवर रानडे आणि भांडारकर बसले, त्या वेदीवर बसण्याचे धैर्य समोरच्या कारकुनास अथवा शाळामास्तरास व्हावे कसे? मोठ्या वृक्षाची सावली शीतल असते, पण त्या सावलीत रोपे सहसा वाढत नाहीत. यात त्या थोर पुरुषांचा दोष काढावयाचा नाही. गुणवंतांच्या गुणांमुळेच उपासक श्रोते होऊन बसतात, ही अडचण कोणत्याही चांगल्या मंडळाला चुकलेली नाही.

ही उणीव ओळखून तिच्यावर उपाय योजणारा एक पुरुष याच समाजातून पुढे आला. ज्या बागलकोट जिल्ह्यात बदामी आहे, त्याच जिल्ह्यातील जमखंडी येथे १८७३ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. युनिटेरियन या उदार ख्रिस्ती पंथाच्या साहाय्याने १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, आणि परत येऊन मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम आरंभिले. प्रचारक म्हणजे केवळ व्याख्याता, अशी त्यांची समजूत नव्हती. तरुणांचा निराळा संघ, उदार धर्माचे अभ्यासवर्ग, दूर राहणाऱ्या जिज्ञासूंना टपालाने धर्मविषयक साहित्य पाठविण्याची योजना, अशी साधने त्यांनी उभी केली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले. १९१० मध्ये समाजाच्या प्रचारकपदाचा आणि त्यांचा संबंध संपला. परंतु उपासना घराघरांतून चालली पाहिजे हा आग्रह त्यांनी पुढेही सोडला नाही. या सर्व साधनांचा हेतू एकच दिसतो. वक्त्यापुढील गर्दी वाढविणे हा तो नव्हे; जो आज मागे बसला आहे त्याच्या हाती काहीतरी देणे हा होय.

याच पंथाचे भारताच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण येथे आठवते. आज मेघालयात असलेल्या जोवाई गावी १८ सप्टेंबर १८८७ रोजी हाजोम किसोर सिंग या बावीस वर्षांच्या खासी तरुणाने एकेश्वरी उपासना सुरू केली. तो दीक्षित धर्मोपदेशक नव्हता, आणि त्याला शिकविण्यास कोणी परदेशी उपदेशक तेथे येऊन राहिलेला नव्हता. कलकत्त्याहून टपालाने आलेली पुस्तके आणि पुढे अमेरिकेशी झालेला पत्रव्यवहार एवढीच त्याची बाहेरची शिदोरी होती. त्याने आपल्या लोकांसाठी त्यांच्याच भाषेत प्रार्थना आणि पदे रचली. ती साऱ्यांच्या तोंडी बसली, म्हणून उपासना एकट्याच्या वक्तृत्वावर अवलंबून राहिली नाही. तो १९२३ मध्ये वारला. खासी-जैंतिया टेकड्यांतील त्या मंडळ्या आजही आहेत.

पुन्हा बेंगळूरकडे वळावे. न्यायमूर्ती रानडे यांना गुरुस्थानी मानणारे गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव धारण करणारी एक संस्था बनशंकरीच्या उत्तरेस लागूनच असलेल्या बसवनगुडी भागात आहे. दे. वि. गुंडप्प यांनी १९४५ मध्ये ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ स्थापिली. गुंडप्प हे वृत्तपत्रकार होते. संन्यासी नव्हते, मठाचे अधिपती नव्हते, त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवीही नव्हती. ग्रंथालय, व्याख्याने आणि अभ्यासमंडळ अशी त्या संस्थेची रचना त्यांनी केली. तेथील गीतानिरूपणातून सिद्ध झालेला त्यांचा ‘जीवनधर्मयोग’ हा कन्नड ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६७ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये नागरिकांनी सत्कारपूर्वक दिलेली एक लक्ष रुपयांची थैली त्यांनी संस्थेलाच अर्पण केली. ते १९७५ मध्ये निवर्तले. संस्था चालू आहे. थोर पुरुष गेल्यावर मंडळ मोडते, हा नियम येथे लागू झाला नाही. त्याचे मर्म असे दिसते, की त्यांनी लोकांना आपल्याभोवती जमविण्यापेक्षा ग्रंथांभोवती आणि प्रश्नांभोवती जमविले.

आता मूळ नैतिक ग्रंथीकडे यावे. ज्यास उत्तम येते त्याने करावे आणि इतरांनी ऐकावे, यात वावगे काय? आसनावर बसणारे ते वृद्ध गृहस्थ लोभी नसतात. मंडळास चांगले ऐकावयास मिळावे, श्लोकाचा अपभ्रंश होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते. एखाद्या तरुणाने निरूपण केले तर तो अडखळेल, विसरेल, कदाचित चुकेल. मग त्या दिवशीची उपासना फिकी होणार. ती फिकी होऊ नये म्हणून ते स्वतःच बोलतात. ही सेवा नव्हे काय?

ही सेवा आहे. परंतु तिच्या पोटात आसक्ती असू शकते, आणि शुभ वस्तूची आसक्ती ओळखणे फार कठीण असते. निरूपण उत्तम व्हावे, हेही एक फलच आहे. त्या फलाला चिकटून राहिल्याने दुसऱ्याचे कर्तव्य त्याच्याकडून हिरावले जात असेल, तर तेथे थांबून विचार केला पाहिजे. सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी सोडू नये, कारण सर्वच आरंभ धुराने अग्नी झाकावा तसे दोषाने झाकलेले असतात, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. नवख्याचे पहिले निरूपण हा असाच धुराने भरलेला आरंभ होय. धूर नको म्हणून जो चूल पेटवू देत नाही, त्याच्या घरी अन्न शिजत नाही.

पण मग आसन सोडावे ते कसे? येथे त्याच अध्यायातील त्यागाचे तीन प्रकार उपयोगी पडतात. ‘माझे काम झाले, आता तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणून जो नियत कर्म मोहाने टाकतो त्याचा त्याग तामस. दर आठवड्याची यातायात नको, या वयात त्रास नको, म्हणून जो सोडतो त्याचा राजस. यांपैकी कोणत्याही मार्गाने आसन रिकामे झाले तरी मंडळाचे कल्याण होत नाही. तिसरा, सात्त्विक त्याग, हा कर्माचा त्यागच नव्हे. कर्म चालू राहते. आसक्ती आणि फल सुटते. असा मनुष्य आसनावरून उठतो तो घरी जाण्यासाठी नव्हे, शेजारी बसण्यासाठी. तो तरुणाचा पाठ आधी ऐकून घेतो, अन्वय लावून देतो, सभेत मौन पाळतो, आणि चूक झाल्यास ती नंतर एकांतात सांगतो. पूर्वी तो एक निरूपण करीत असे; आता तो निरूपण करणारा मनुष्य घडवितो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की त्याने काम कमी केले. वस्तुतः त्याने कठीण काम स्वीकारलेले असते.

दोष केवळ आसनावरच्यांचा असतो असेही नाही. ऐकणाऱ्यांनाही ऐकत राहणे सोयीचे असते. ‘आम्हांला काय कळते, आपणच सांगावे’ या वाक्यात नम्रता किती आणि आळस किती, हे ज्याचे त्याने तपासावे. तेराव्या अध्यायात, जे स्वतः जाणत नाहीत परंतु इतरांपासून ऐकून उपासना करतात तेही मृत्यू तरून जातात, असा दिलासा आहे. परंतु त्या ऐकण्याची परिणती उपासनेत होते, हे विसरता कामा नये. पंधरा वर्षांच्या श्रवणानंतरही जो केवळ श्रोताच राहिला, त्याने त्या श्रवणाचे ऋण फेडले नाही.

महाराष्ट्रातील वारकऱ्यांनी हा सिद्धांत ग्रंथात न मांडता एका आचारात साठवून ठेवला आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा अहोरात्र उभी असते. ती भूमीवर ठेवावयाची नाही, हा नियम. परंतु ती एकाच्या गळ्यात सात दिवस राहत नाही. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. पाळी संपली की दुसरा येतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा व घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. मध्यरात्रीच्या पहाऱ्यास उभा राहणारा एखादा शेतकरी असतो; त्याचा गळा गोड असेलच असे नाही. तरीही त्या वेळी सप्ताह त्याच्यावर उभा असतो. वीणा खाली ठेवू नये, आणि आपल्यापाशीही ठेवून घेऊ नये, या दोन नियमांत गृहस्थांच्या उपासनेचे सारे शास्त्र आले.

हे शास्त्र आचरणात आणण्यासाठी काही साध्या साधनांची आवश्यकता असते. पहिले साधन म्हणजे निश्चित उपासनाक्रम. आरंभीचे स्तवन, अध्यायाचा पाठ, निरूपण, क्षणभर मौन आणि शेवटची प्रार्थना, असा क्रम लिहून ठेवलेला असला, की सामान्य मनुष्यही तो धीराने चालवू शकतो. क्रम नसला की प्रतिभावंताखेरीज कोणाचेच चालत नाही. दुसरे साधन अभ्यासाचे. आठवड्यास दोनच श्लोक घ्यावेत, पण पदच्छेद, अन्वय आणि एक विश्वसनीय टीका यांसह घ्यावेत. ज्या घरी मुलांची शाळा कन्नड वा इंग्रजीत झाली आहे, तेथे मूळ श्लोकाबरोबर विनोबांची ‘गीताई’ ठेवावी. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती ऐकणारे कैदी होते. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून ती आज सर्वांच्या हाती आहेत. प्रत्येक मंडळात बोलणाऱ्याइतकाच लिहून ठेवणारा मोलाचा असतो, हा त्यातील बोध.

तिसरे साधन पाळीचे आणि जोडीचे. प्रत्येक पाळीस एक जाणता व एक नवखा नेमावा. स्त्रियांची पाळी सौजन्य म्हणून नव्हे, समान क्रमाने यावी. आपल्यास जे कळले नाही ते ‘कळले नाही’ असे आसनावरून सांगण्याची मोकळीक असावी. ज्ञानाच्या लक्षणांची गणना तेराव्या अध्यायात अमानित्वापासून, म्हणजे मोठेपणाची हाव नसण्यापासूनच सुरू होते. तेव्हा अशा कबुलीने आसनाची प्रतिष्ठा घटत नाही. अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये, हे तिसऱ्या अध्यायातील पथ्य मात्र नव्या वक्त्याने विशेष पाळावे. दुसऱ्याच्या कुलाचारावर टीका करून आपले निरूपण चमकवू नये. चौथे साधन व्यवहाराचे. वर्गणी कितीही अल्प असो, तिचा हिशेब सर्वांपुढे ठेवावा आणि प्रत्येक कामाची मुदत ठरवावी. आणि पाचवे साधन सेवेचे. मंडळातील कोणी रुग्णालयात असेल, कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर तेथे जाण्याचे कामही पाळीने वाटून घ्यावे. ज्याला सभेत बोलता येत नाही तो रुग्णाच्या उशाशी उत्तम बसू शकतो, आणि तोही धर्मोपदेशच होय.

लोकसंग्रह या शब्दाचा अर्थ पुष्कळदा लोक जमविणे असा केला जातो. गीतेला अभिप्रेत असलेला अर्थ त्याहून खोल आहे. लोकांना धारण करणे, त्यांना मार्गावर स्थिर करणे, असा तो आहे. श्रेष्ठ पुरुष जसे आचरतो तसेच इतर आचरतात, असे भगवान् म्हणतात. मग ज्या श्रेष्ठाला सर्वांनी केवळ आसनाला चिकटलेला पाहिला, त्याचे अनुकरण लोक काय करणार? आणि ज्याला त्यांनी आसनावरून उठून एका अडखळणाऱ्या तरुणाचा श्लोक शांतपणे ऐकताना पाहिले, त्याच्यापासून ते काय शिकतील? निष्काम कर्माची इतकी प्रत्यक्ष शिकवण शंभर प्रवचनांतही मिळणार नाही.

बनशंकरीच्या मंदिरात एका पणतीवरून दुसरी लावली जाते तेव्हा पहिलीचा प्रकाश उणा होत नाही, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. ज्या घरी आज गीतेसाठी सतरंजी अंथरली जाते, तेथील वडीलधाऱ्यांनी या आठवड्यास एवढेच करावे: अध्याय संपल्यावर सर्वांत मागे बसलेल्याकडे पाहून, ‘पुढच्या वेळी पहिले दोन श्लोक आपण सांगावेत, तोवर दोन दिवस माझ्याकडे येऊन बसावे,’ असे म्हणावे. आणि ज्याला असे म्हटले गेले त्याने नाही म्हणू नये.